ड्रायव्हरचा रकाना

नीलांबरीबद्दल लिहायला बसले आणि पहिलं नाव मोरेश्वरकाकांचं आलं. इथेच माझं डोकं फिरतं. आमच्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळात बाईचं काहीही सांगायचं झालं तरी सुरुवात कुठल्या तरी काकांपासून करावी लागते.

काकांचं आणि तिचं दुखणं एकच. दोघांच्याही छातीत डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली आहे. डबीतून एक तार हृदयात जाते. ठोके जिवावर बेतेल असे बिघडले की डबी आतून शॉक देते आणि त्यांना ताळ्यावर आणते. हॉस्पिटल एकच, डॉक्टर एकच, घरी जाताना हातात दिलेली सूचनांची पुस्तिकासुद्धा एकच. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. जड उचलायचं नाही. सहा महिने गाडी चालवायची नाही. आणि जखम भरली की आठवड्यातून दोनदा, असं एकूण छत्तीस वेळा रिहॅबला जायचं. रिहॅब म्हणजे हॉस्पिटलचीच व्यायामशाळा. तिथे छातीला वायरी चिकटवून तुम्हाला ट्रेडमिलवर चालवतात आणि एक नर्स समोरच्या पडद्यावर तुमचे ठोके बघत बसते.

इतकं सगळं सारखं होतं. आता फरक ऐका.

काकांना डबी बसली गेल्या वर्षी फेब्रुवारीत. वय सहासष्ट, रिटायर्ड, स्वभाव उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा. बातमी मंडळाच्या ग्रुपवर आली आणि तासाभरात नीलांबरीने एक ऑनलाइन शीट बनवून टाकली. तिच्यात चार रकाने होते: तारीख, डबा, ड्रायव्हर, टीप. दोन महिने काकांच्या घरी डबे गेले. टिपेच्या रकान्यात काकांच्या आवडी होत्या. भरीत चालेल, दुधी चालणार नाही, पोळ्या तव्यावरच्या हव्यात, फ्रोझन नकोत. ज्या माणसाचं हृदय नुकतंच बंद पडता पडता राहिलं होतं, तो दुधीवर अडून बसला होता, आणि आम्ही बावीस घरं त्या दुधीच्या मागे धावत होतो. मीही धावले. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू म्हणायची, पण हात मात्र सगळ्यांसारखेच भाकऱ्या भाजत असतात.

ड्रायव्हरचा रकानाही भरला. प्रीताकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, तेव्हा गाडी येत नव्हती. तीस वर्षं अमेरिकेत राहून त्या शेजारच्या सीटवर बसून जगल्या, कारण काकांच्या मते त्यांना ‘रस्त्याचं भान’ नव्हतं. मग पहिल्या वीस खेपा मंडळाने केल्या. त्यातल्या अकरा एकट्या नीलांबरीने केल्या, शाळेतली नोकरी सांभाळून, लंचची सुट्टी पुढेमागे करून. शिवाय रविवारी दुपारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिने काकूंना गाडी शिकवली. काकूंनी बासष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि उरलेल्या सोळा खेपा स्वतः केल्या. काका शेजारी बसून ब्रेकवर पाय दाबल्यासारखं करत.

छत्तीसावी खेप झाली तेव्हा हॉस्पिटलने काकांना सर्टिफिकेट आणि टी-शर्ट दिला. तो टी-शर्ट घालून त्यांनी मंडळात भाषण ठोकलं. विषय होता, ‘माझी जिद्द’. भाषणात डॉक्टर आले, डबी आली, परमेश्वर आला. काकू आल्या नाहीत, शीट आली नाही. नीलांबरी मागच्या बाजूला कागदी प्लेटा मोजत होती आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती.

ती तशीच आहे. सत्तेचाळीस वर्षांची, सांगलीची, बोलण्याआधी हसणारी. एका शाळेच्या ऑफिसात हजेरी बघते, कोण पोर आलं नाही, का आलं नाही, घरी फोन करायचा का. हीच नजर तिने मंडळावर लावली. कोणाच्या पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोणाच्या सासूबाईंना खुर्ची लागते, कोणाचा व्हिसा अडकलाय म्हणून त्याला विचारायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. तिचा चांगुलपणा मला कधीकधी असह्य होतो. अशा माणसांमुळे आमच्यासारखे आळशी लोक आळशीच राहतात.

या वर्षी जूनमध्ये ती स्वयंपाकघरात पहिल्यांदा चक्कर येऊन पडली. क्लिनिकमधल्या डॉक्टरने दहा मिनिटं बघितलं आणि ‘अँग्झायटी’ म्हणून गोळ्या दिल्या. मंडळातली वैदेही म्हणाली मेनोपॉज. मोरेश्वरकाका म्हणाले व्हिटॅमिन डी. तिचा नवरा यतीन म्हणाला, “तू जरा कामं कमी कर ना यार,” आणि बेसिनमध्ये ताट ठेवून वर गेला. हा यतीन इंजिनिअर आहे, आणि ज्या कंपनीत काम करतो तिथे अशाच डब्या बनतात. डबीची बॅटरी किती वर्षं टिकते, तार कशाची असते, सगळं त्याला तोंडपाठ आहे. बायको जमिनीवर का पडली हे मात्र त्याला सुचलं नाही. काका पडले असते तर हेलिकॉप्टर आलं असतं.

ऑगस्टमध्ये ती दुसऱ्यांदा पडली ती मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या समोर, मोदक कोण आणणार याची यादी वाचताना. तेव्हा ॲम्ब्युलन्स आली. चार दिवसांनी डबी बसली.

आता जे घडलं ते आमच्याच लोकांच्या हातून घडू शकतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा खच पडला, आणि वैदेहीने हॉस्पिटलमध्ये पडलेल्या नीलांबरीला मेसेज पाठवला: “अगं तुझ्या त्या शीटची लिंक पाठव ना. तुझ्यासाठी डबे सुरू करायचेत, आम्हाला कोणाला ती करता येत नाही.”

नीलांबरीने ती केली. पलंगावर पडून, डावा हात झोळीत, उजव्या हाताच्या अंगठ्याने. काकांचीच जुनी शीट कॉपी केली, त्यामुळे पहिले दोन दिवस वर ‘मोरेश्वरकाकांसाठी डबे’ असंच नाव होतं. टिपेच्या रकान्यात तिने स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते असं: यतीनला वांगं चालत नाही, शिवांगीला तिखट नको. शिवांगी तिची मुलगी, पंधरा वर्षांची.

डबे आले. आणताना प्रत्येक जण दारात म्हणायचा, “बिचारा यतीन, एकटा सगळं बघतोय.” बिचारा यतीन वर्क फ्रॉम होम होता आणि डबे उघडून जेवत होता. बायका तिच्या जखमेकडे बघून विचारायच्या, “साडीत दिसेल का गं?” एकीने तर ब्लाउजचा गळा कसा शिवायचा तेही सांगितलं. ब्राचा पट्टा नेमका त्या डबीवरून जातो आणि दिवसभर घासतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. पुस्तिकेतही नव्हतं. पुस्तिकेत गोल्फ कधी खेळता येईल ते होतं.

आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. ही आपली रीत. आईने शिकवलेलं, आजीने शिकवलेलं, आपण ते सात समुद्र ओलांडून इथे घेऊन आलो. काकांच्या वेळी ती रीत काकूंनी निभावली होती. इथे कोण निभावणार? तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर ओट्यावर अकरा घरांचे धुतलेले डबे ओळीने मांडलेले, आणि ही एका हाताने पीठ मळतेय. शंकरपाळी करून प्रत्येक डब्यात घालायची होती.

“वेडी आहेस का?” मी म्हटलं. “हात वर करायचा नाही ना?”

“वर कुठे करतेय? लाटणं खालीच असतं की,” ती हसून म्हणाली.

यतीन हॉलमध्ये होता. तो म्हणाला, “मी सांगितलं तिला, हिमानी. ऐकत नाही.” सांगणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं होतं.

माझा डबाही त्या अकरांत होता. मी तो घरी आणला, शंकरपाळी खाल्ली आणि खुसखुशीत झालीय असा मेसेजही केला. वर सांगते आहे की माझं डोकं फिरतं.

डबे नऊ दिवस आले होते. दहाव्या दिवशी कोणीतरी व्हिडिओ कॉल केला, ती ओट्याशी उभी दिसली, आणि ग्रुपवर बातमी गेली, ‘बरी आहे, कामाला लागली सुद्धा!’ शीटवरचे पुढचे रकाने रिकामे राहिले ते राहिलेच. काका डबी बसल्यावर सहा आठवडे पाण्याचा ग्लास उचलत नव्हते, आणि त्याला आम्ही रिकव्हरी म्हणत होतो. बाई उभी राहिली की ती बरी झाली.

सप्टेंबरच्या मध्यावर तिचं रिहॅब सुरू झालं, मंगळवार आणि गुरुवार, सव्वाअकरा वाजता. सगळं अडलं ते इथे. या गावात गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. तिला गाडी चालवायची फेब्रुवारीपर्यंत बंदी. ड्रायव्हरच्या रकान्यात सुरुवातीला नावं होती, माझं, वैदेहीचं, दोनदा यतीनचं. मग एकेक नाव खोडलं जाऊ लागलं. ‘सॉरी, क्लायंट कॉल.’ ‘सॉरी गं, ऑफिसला बोलावलंय.’ गंमत म्हणजे शिवांगीच्या कथकच्या क्लासला सोडायला पाच जणी तयार होत्या. पोरीचा क्लास बुडता कामा नये.

यतीन म्हणाला, “बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आहे ना आपली. सेम थिंग.” त्या ट्रेडमिलवर गेली चार वर्षं चादरी वाळतात. काका ग्रुपवर म्हणाले, “लेडीजना घरकामात ऑटोमॅटिक व्यायाम होतो. माझी केस वेगळी होती.” त्या वाक्याला सात अंगठे मिळाले. त्यातले चार बायकांचे होते, आणि मला त्या चौघींचा काकांपेक्षा जास्त संताप आला.

नऊ खेपा कशाबशा झाल्या. दहावीला तिने टॅक्सी बोलावली, ती वाटेतून कॅन्सल झाली, दुसरी येईपर्यंत वीस मिनिटं गेली. दहा मिनिटांच्या वर उशीर म्हणजे गैरहजेरी. गुरुवारी यतीन नेणार होता, सकाळी त्याला मीटिंग आली. दुसरी गैरहजेरी. सलग तीन झाल्या की नाव कापतात आणि जागा पुढच्या पेशंटला जाते. पुन्हा नंबर लागायला फेब्रुवारी. हा नियम तिने मला सांगितला होता. तो सांगितला म्हणूनच मी पुढच्या मंगळवारी माझं नाव टाकलं होतं.

आणि सोमवारी मी ते खोडलं. माझा क्वार्टरली रिव्ह्यू होता. टिपेच्या रकान्यात मी लिहिलं, ‘सो सॉरी! कोणीतरी प्लीज घ्या!’ उद्गारचिन्हं दोन्हीकडे टाकली म्हणजे वाईट वाटल्याचं दिसतं.

मंगळवारी साडेदहाला रिव्ह्यू चालू असताना मी शीट उघडून बघितली. माझ्या खोडलेल्या नावापुढे दुसरं नाव आलं होतं. बरं वाटलं. मग नाव वाचलं. ड्रायव्हर: नीलांबरी.

मी लॅपटॉप तसाच टाकून निघाले. तिचं घर चार मिनिटांवर आहे. गॅरेजचं दार वर होतं आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. इथे ड्रायव्हरचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, बरोबर डबीवरून. तिने पट्ट्याखाली स्वयंपाकघरातलं एक नॅपकिन चौपदरी घडी करून ठेवलं होतं. शेजारच्या सीटचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. दुसरा कोणी नेणारा असला तर नॅपकिन लागतच नाही.

“उतर,” मी म्हटलं.

“अगं, हायवे घेणारच नव्हते. आतल्या रस्त्याने हळूहळू...”

“आणि शॉक बसला तर?”

“म्हणून तर शिवांगी शाळेत असताना निघालेय. गाडीत मी एकटीच.”

“आणि समोरून येणाऱ्याचं काय?”

 स्टिअरिंगवरचे हात न काढता ती म्हणाली, “तिसरी दांडी झाली तर मला काढतील, हिमानी.” आणि रडायला लागली. वीस वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते. मी दार उघडून तिला उतरवलं आणि माझ्या गाडीत बसवलं.

वाटेत ती बोलली. मी विचारलं म्हणून नव्हे. घरी ती आंघोळीला जाताना दाराला कडी लावत नाही. ओट्याशी उभी असली की एक हात कडेला धरून ठेवते. शॉक अजून एकदाही बसलेला नाही, पण तो कधी बसेल या भीतीने ती जिनासुद्धा मोजून चढते. यतीनला सांगितलं तर तो डबीचा आलेख काढून दाखवतो, शक्यता किती टक्के वगैरे.

“तिथे मला भीती वाटत नाही,” ती म्हणाली. “ती नर्स पडद्याकडे बघत असते ना. तेवढा एक तास माझ्या हृदयाकडे दुसरं कोणीतरी बघतं. मला नाही बघावं लागत.”

 

सव्वाअकराला दोन मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. आधी मी तिला दारात उतरवायचे आणि पार्किंगमध्ये बसून कॉल घ्यायचे. आत ट्रेडमिलवर दहा-बारा पुरुष चालत होते आणि बाहेरच्या खुर्च्यांवर त्यांच्या बायका बसल्या होत्या. नीलांबरीखेरीज पेशंट बाई एकही नव्हती. खुर्च्यांच्या ओळीत शेवटी, लोकरीचं विणकाम घेऊन, प्रीताकाकू होत्या.

“काकू, तुम्ही इथे कशा?”

“यांना सोडायला,” काकू म्हणाल्या. “यांचं छत्तीस वेळांचं झालं, पण इथे मेंटेनन्सचा ग्रुप असतो. दर मंगळवार-गुरुवार, सव्वाअकराला.”

काकांचं घर नीलांबरीच्या घरामागे दोन गल्ल्या. त्यांना हॉस्पिटलला यायचं तर तिच्या दारावरूनच यावं लागतं. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्यांची गाडी मागची सीट रिकामी घेऊन तिच्या दारावरून जात होती, त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच इमारतीत.

मी नीलांबरीकडे वळले. “तुला माहीत होतं?”

ती वायरी लावून घेण्यासाठी उभी होती. “हो. काका दिसतात ना रोज.”

“मग म्हणाली का नाहीस?”

“त्यांनी विचारलं नाही. मग मी कसं म्हणणार?”

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं. “मी म्हटलं होतं यांना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणाले, तिला नवरा आहे, अख्खं मंडळ आहे. शिवाय परत जाताना मला डुलकी लागते, गाडीत बडबड नको.”

तेवढ्यात ते स्वतः आले. अंगात सर्टिफिकेटबरोबरचा तो टी-शर्ट, गळ्यात टॉवेल. “अरे वा, नीलांबरी! मागच्या आठवड्यात दोन्ही दिवस दिसली नाहीस. असं चालत नाही बरं का. कन्सिस्टन्सी हवी. माझं बघ.”

माझा तोल गेला. “काका, तुम्ही राहता कुठे?” मी इतक्या मोठ्याने विचारलं की दोन ट्रेडमिल हळू झाल्या. “तिच्या दारावरून रोज येता आणि तिलाच कन्सिस्टन्सी शिकवता? तिने तुमच्या अकरा खेपा केल्यात. काकूंना गाडी तिने शिकवलीय. थोडी तरी लाज?”

“तसं नाही, हिमानी,” काका म्हणाले. “मला वाटलं, लेडीजना आपलं आपलं बरं पडतं.”

मी आणखी बोलणार होते. पण नीलांबरीने उजव्या हाताने पर्समधून फोन काढला आणि शीट उघडली.  “काका,” ती म्हणाली, “आजची माझी दहावी. सव्वीस उरल्यात. सगळीकडे तुमचं नाव टाकतेय.” हे ती न हसता म्हणाली.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. गोरे पेशंट बघत होते, नर्स बघत होती. “ऑफ कोर्स,” ते म्हणाले. “ऑफ कोर्स. एनी टाइम.”

त्या दिवशी मी तासभर त्या खुर्चीवर बसून राहिले. काचेतून ती चालताना दिसत होती. दोन्ही हात मोकळे होते, कशालाही धरलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर गजर सुरू झाला. काकांनीच फोटो टाकला होता, ‘माझ्यासारख्याच एका पेशंटला मदतीचा हात’. खाली एक्केचाळीस बदाम. ‘काका, तुमचा मोठेपणा!’ ‘असे ज्येष्ठ मंडळाला लाभले हे भाग्य!’ यतीनने तर इंग्रजीत परिच्छेद लिहिला, जणू त्याची बायको काकांनी समुद्रातून बाहेर काढली. दिवाळीच्या कार्यक्रमात काकांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. डबी बसून पावणेदोन वर्षं झाली, गाडी चालवायची मुभा मिळून वर्ष उलटलं, पण काका अजून स्टिअरिंगला हात लावत नाहीत. सवय मोडली म्हणतात. गाडी काकूच चालवतात. बर्फात, गोठलेल्या रस्त्यावर, त्रेसष्टाव्या वर्षी.

हे मला बघवलं नाही. गुरुवारी रात्री मी शीट उघडली आणि सव्वीसच्या सव्वीस ओळींत ‘मोरेश्वरकाका’ खोडून ‘प्रीताकाकू’ लिहिलं. निदान कागदावर तरी खरं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळीकडे पुन्हा ‘मोरेश्वरकाका’. कोणी बदललं ते शीट सांगते. मला वाटलं काका असतील. नाव आलं ते प्रीताकाकूंचं.

मी तिरमिरीत फोन केला. “काकू, कमाल आहे तुमची! गाडी तुम्ही चालवायची आणि नाव त्यांचं? तीस वर्षं केलंत तेवढं पुरे नाही का?”

पलीकडे नळ चालू होता. काकूंनी तो बंद केला.

“अगं, तुझं खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण या माणसाबरोबर मी राहते, तू नाही. बर्फ पडला की हे म्हणतात, आज कंटाळा आलाय, नको जाऊया. आणि मग मी एकटी गाडी काढते म्हटलं तर चावी देत नाहीत, तुला रस्त्याचं भान नाही म्हणतात. आता यांचं नाव वर आहे ना, सगळं मंडळ वाचतंय. काल साडेदहालाच बूट घालून दारात उभे होते. माझं नाव टाकलंस तर पहिल्या बर्फाला तिची खेप बुडेल.”

 मी नावं बदलून न्याय केला होता. काकूंनी तिचा मंगळवार आणि गुरुवार सांभाळला होता.

जानेवारीच्या शेवटी नीलांबरीची छत्तीसावी खेप झाली. पुढे एकही चुकली नाही. सर्टिफिकेट मिळालं. टी-शर्ट फक्त पुरुषांच्या मोठ्या मापाचेच शिल्लक होते, तिने घेतला नाही. मंडळात तिचं भाषण वगैरे झालं नाही, तिला कोणी विचारलंही नाही. काकांची शाल त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवली आहे.

शीट मी अजून उघडते कधीकधी. सव्वीस ओळी, सव्वीस वेळा मोरेश्वरकाका. त्याच्या वर एक ओळ आहे, त्या मंगळवारची. तिथे माझं नाव खोडलेलं आहे आणि पुढे लिहिलंय, ‘सो सॉरी!’